खुंटा ओढू नका

पत्र:

"सर, मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, वय ५४. घरात दोन म्हशी, एक रेडकू, रताळी-बटाट्याची शेती. थोरला गोव्याला कामाला, धाकट्याचं लग्न ठरेना, आणि उताऱ्यावर नाव चढवायचं काम दोन वर्षं लोंबकळत पडलंय. रात्री झोप लागत नाही म्हणून सुनेनं मोबाईलवर ध्यानाचं ॲप घालून दिलं. त्यातली बाई इंग्लिशमध्ये बोलते. सून सांगते, श्वासाचा नांगर टाकायचा. आमच्यात नांगर टाकत नाहीत, धरतात. असो. दोन महिने झाले, रोज पहाटे दहा मिनिटं बसते की. पण श्वासाकडं बघायला लागले की श्वासच अडकतो, छातीवर पाटा ठेवल्यागत होतं, बोटांना मुंग्या येतात. एकच नाकपुडी चालते, दुसरी बंद. मन तर दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. ॲप म्हणतं पोटाकडं बघा, शेजारची शिबिर करून आलेली म्हणते नाकाखाली बघ, योगाच्या वर्गातल्या बाई म्हणतात अनुलोम-विलोम झाल्यावर लगेच बसत जा. मला काय हे जमेल असं वाटत नाही. सोडून देऊ का?
ता. क. घरात पहाटेपासून टीव्ही चालू असतो. गोठ्यात बसले तर चालेल का?"

अक्का,

नांगरापाशी आलो आणि एकटाच हसलो. सुनेला बोल लावू नका, तिनं शब्द बरोबर दिलाय. वेंगुर्ल्या-मालवणकडचं कुणी असतं तर चटकन कळलं असतं. गलबताचा नांगर पाण्यात सोडला की तळाला रुतून बसतो, मग वर लाटा कितीही येऊ देत, गलबत हलतं पण वाहून जात नाही. आपल्याकडं समुद्र नाही, आहे ती माती. आपला नांगर एका जागी बसत नाही, पुढं चालतो आणि चालताना माती उलटीपालटी करतो. तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ध्यानात आलं की घोटाळा नुसता शब्दाचा नाही. तुम्ही रोज पहाटे उठून श्वास नांगरताय.

तेव्हा तो शब्द सोडू आणि खुंटा म्हणू. हे माझ्या पदरचं नाही. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाच्या भिक्खूंनी 'विशुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. त्यात आनापानाबद्दल, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाचं भान ठेवण्याबद्दल सांगताना त्यांनी थेट गोठ्यातलाच दाखला दिलाय. द्वाड गाईच्या दुधावर वाढलेलं वासरू गवळ्याला माणसाळवायचं असतं. तो त्याला गाईपासून वेगळं करतो, एका बाजूला जाड खुंटा रोवतो आणि दाव्यानं बांधतो. वासरू इकडं उसळतं, तिकडं उसळतं. सुटता येत नाही म्हटल्यावर शेवटी त्याच खुंट्यापाशी बसतं, नाहीतर आडवं होतं. खुंटा म्हणजे श्वास, दावं म्हणजे भान आणि वासरू म्हणजे मन.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. धारेच्या वेळी रेडकू आधी कासेला लावता, म्हशीनं पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला बांधता. ते हिसके देतं, पायानं जमीन उकरतं, ओरडून गोठा डोक्यावर घेतं. त्या वेळी तुम्ही काय करता? बादली गुडघ्यात धरून धारेला बसता. खुंट्याला कोण हात लावतंय? तो रोवलेला आहे, त्याचं तो बघून घेतो. ध्यानाला बसलं की मात्र तुम्ही रेडकाला सोडून खुंट्यालाच मिठी मारताय, वर तो नीट उभा आहे का म्हणून ओढून बघताय. मग छातीवर पाटा येणारच.

शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा थोडं फळ्यावरचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. शरीरातली बहुतेक कामं एक तर आपोआप होतात, नाहीतर आपण करतो. काळीज आपोआप चालतं. थांब म्हटलं तर थांबत नाही. हात आपण उचलला तरच उचलतो. श्वासाला मात्र दोन मालक. एरवी मेंदूच्या बुडाशी असलेली केंद्रं तो चालवतात, म्हणून झोपेत, गप्पांत, भांगलताना कुणाला त्याची आठवणही नसते. पण विहिरीत बुडी मारताना किंवा भजनात लांब तान घेताना आपण तो स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो. घोळ इथंच होतो. लक्ष गेलं की हात गेलाच. भाकरी थापताना पाहुणी बाई शेजारी टक लावून बसली की रोज गरगरीत होणारी भाकरी त्या दिवशीच फाटते, तसलाच प्रकार. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांत दीडशेच्या आसपास श्वास झाले. दीडशे घागरी रहाटानं ओढल्यावर दमायला होणार नाही तर काय?

मुंग्यांचं कारणही बहुधा तेच. गरजेपेक्षा खोल किंवा भराभर श्वास ओढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं बोटांना नि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि विचित्र म्हणजे श्वास पुरत नाही असंही वाटतं. मग माणूस घाबरून आणखी ओढतो नि मुंग्या आणखी वाढतात.

पण एक सरळ विचारतो. वैरणीचा भारा घेऊन चढण चढताना छातीवर असंच दडपण येतं का? घाम, हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ, असलं काही? येत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडं जाऊन काळजाची पट्टी (ईसीजी) काढून घ्या. ध्यान कुठं पळून जात नाही. फक्त बसल्यावरच आणि श्वासाकडं बघितल्यावरच होत असेल, तर पुढं वाचा.

मीही यातून गेलोय. पहिल्यांदा दहा दिवसांच्या शिबिराला गेलो तेव्हा मास्तरकीचा कैफ होता. श्वास बघायचा ना, मग असा बघतो की पहिला नंबर आला पाहिजे! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपाळ असं ठणकायला लागलं की पेटी भरून घरी यायच्या बेतात होतो. तिथल्या आचार्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, रात्री झोप लागली का? म्हटलं, लागली. म्हणाले, मग रात्रभर श्वास कुणी घेतला? एवढंच, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मला राग आला होता, खरं सांगतो. पण दुपारच्या बैठकीत पहिल्यांदा हात सैल सुटले.

आता उद्या पहाटे काय करायचं ते. घोंगड्याची जाड घडी बुडाखाली घ्या म्हणजे गुडघे खाली टेकतील. शेतात वाकून गुडघे गेले असतील तर सरळ खुर्चीत बसा, काही बिघडत नाही. बसल्या बसल्या श्वासाकडं जाऊ नका. आधी बुडाखालची जमीन, मांडीवरच्या हातांचं ओझं, बाहेरचे आवाज. एखादा मोठा सुस्कारा येत असेल तर येऊ द्या. मग तळहात बेंबीपाशी ठेवा आणि हाताखाली काय हालतंय तेवढंच जाणवू द्या. 'श्वास बघा' या शब्दानंही लोक फसतात, डोळे मिटून आत काहीतरी चित्र शोधत बसतात. बघायचं काही नसतं. स्पर्श आहे, पोट किंचित वर येतं, किंचित खाली जातं, लुगड्याची गाठ जरा घट्ट होते, जरा सैल होते.

आणि जी जागा तुम्हाला छळतेय ती ही. श्वास सोडून झाला की पुढचा येण्याआधी एक बारीक फट असते. तुम्ही त्या फटीत घाबरता आणि पुढचा श्वास ओढायला धावता. धावू नका. तो रोखायचाही नाही, ते दुसऱ्या टोकाचं ओढणंच झालं. नुसतं थांबायचं, पायरीवर बसून शेवटच्या बसची वाट बघितल्यागत. येतो तो. कधी आखूड येतो, कधी लांब, कधी अर्ध्यावर अडखळून येतो. जसा येईल तसा. दहा मिनिटांत असा एक जरी श्वास तुम्ही न ओढता आला, तरी मला तेवढं पुरे आहे.

अनुलोम-विलोम सोडा असं मी म्हणणार नाही, तो चांगलाच आहे. पण तिथं श्वास आपण चालवतो, बोटानं नाकपुडी दाबून, मोजून. इथं चालवायचा नाही. एकाच्या पाठीला लावून दुसरं केलं की हाताला तीच सवय राहते. मला वाटतं तुमचं निम्मं दुखणं तिथून आलंय. योग संध्याकाळी करा, बसणं पहाटे ठेवा.

नाकपुडीची काळजी सोडा. एका वेळी एक नाकपुडी जरा मोकळी आणि दुसरी जरा कोंदलेली असणं बहुतेकांना असतं, आणि काही तासांनी पाळी बदलते. आतली कातडी आळीपाळीनं फुगते म्हणून तसं होतं. सूर्यनाडी-चंद्रनाडी म्हणणाऱ्या जुन्या माणसांनी हे बघूनच ठेवलं होतं.

राहिलं पोट की नाक. ॲप आणि शेजारीण यांचं भांडण लावू नका, कारण या दोन्ही वाटा एकाच देशातून आल्यात. पोटाचं वर-खाली होणं धरायची रीत म्यानमारचे भिक्खू महासी सयाडॉ यांनी रूढ केली. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर श्वास जिथं लागतो तिथं लक्ष ठेवायची रीत सत्यनारायण गोयंकांनी आपल्याकडं आणली. तेही म्यानमारमध्येच जन्मलेले, तिथंच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकले आणि १९६९ साली भारतात आले. इगतपुरीचं विपश्यना केंद्र त्यांचंच. दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले तीन दिवस नाकापाशीच जातात, म्हणून शेजारीण एवढी ठाम आहे. ॲपमधल्या बाईंपर्यंत मात्र ही वाट अमेरिकेवरून फिरून आली. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याला कंटाळलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुढं त्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जगभर गेला. मूळ धागा तोच.

मला विचाराल तर तुम्ही पोट घ्या. नाकाची जागा बारीक, तिथं लक्ष ठेवायला गेलं की जोर लागतो, आणि जोर लावायची तुम्हाला आधीच खोड आहे. कोणतीही घ्या, पण निदान महिनाभर तीच ठेवा. रोज नव्या जागी खुंटा रोवला तर रेडकू बसायचं कुठं?

हे सगळं करूनही छाती आवळत असेल तर श्वास सोडून द्या. हो, सोडूनच द्या. श्वास सोयीचा असतो कारण तो सतत सोबत असतो, पैसे लागत नाहीत आणि तो कधी कालचा किंवा उद्याचा नसतो. पण तो सक्तीचा नाही. काही माणसांना श्वासाकडं बघितलं की जीव घाबरतो. दमेकऱ्यांना, मोठ्या भीतीतून गेलेल्यांना तर जास्तच. त्यांच्यासाठी दोन्ही तळहात एकमेकांवर टेकल्याची ऊब किंवा कौलांवरच्या पावसाचा आवाज चालतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्याची ददात नाही. श्वास मागं चालूच राहील, तुम्ही बघितलं नाही म्हणून रुसणार नाही.

पंधरा दिवस बरे गेले की मग मोजून बघा. श्वास सोडताना मनात एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, आणि परत एकपासून. बुद्धघोषांनी पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढं जाऊ नका असं सांगितलंय. पाचाच्या आत थांबलं तर अरुंद कोंडवाड्यात गुरं कोंडल्यागत मनाची घालमेल होते, आणि दहाच्या पुढं गेलं तर मन श्वास सोडून आकड्यालाच धरतं. मोजता मोजता सतरावर पोचलात तर समजायचं, रेडकू गेलं रानात. परत एकावर या. आणि आकड्याच्या तालावर श्वास यायला लागला तर मोजणं बंद करा, नाहीतर नांगर पुन्हा सुरू.

आता तुमची मोठी तक्रार, मन दोन मिनिटं थांबत नाही ही. अक्का, दोन मिनिटं म्हणजे फार झालं! २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सव्वादोन हजार मोठ्या माणसांना मोबाईलवरून दिवसात केव्हाही गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडंच होतं. ही धडधाकट, कामाधंद्यातली माणसं. तुमच्या डोक्यावर तर धाकट्याचं लग्न आणि उतारा.

समजा उद्या तिसऱ्याच श्वासाला मन उताऱ्यावर गेलं. तलाठ्याच्या खोलीबाहेरचा बाक, हातातली कागदांची पिशवी, कन्नडमधली नोटीस कुणाकडून वाचून घ्यायची, भाऊबंद कोपऱ्यात काय कुजबुजत होते, त्यांना त्या दिवशी काय बोलायला पाहिजे होतं. चार मिनिटं गेली. आणि मग एकदम, अगं बाई, मी तर बसले होते! हे 'अगं बाई' कुठून आलं? तुम्ही बोलावलं नव्हतं. दाव्याला हिसका बसला म्हणून जाग आली. दोन महिने तुम्ही पहाटे उठून बसताय, त्यातून ते दावं वळलं जातंय. तुम्ही मात्र त्याच क्षणी स्वतःला शिव्या घालता, 'मला काय जमत नाही' म्हणता आणि पुन्हा खुंट्याला मिठी मारता. तसं करू नका. मनात नुसतं म्हणा, उतारा. शब्द एकच, त्यावर भाष्य नको. आणि जो श्वास चालू असेल, आत जात असो की बाहेर येत असो, त्यात मधूनच सामील व्हा. सुरुवातीपासून परत करायची गरज नाही. कीर्तनाला उशिरा पोचलेला माणूस बुवांना पहिल्यापासून सुरू करा म्हणत नाही, मागं जागा बघून बसतो.

हेही सांगून ठेवतो, उताऱ्याचं काम श्वासानं होणार नाही. त्याला कागदच लागतात. रात्री झोपण्याआधी एका वहीत उद्या कुणाला फोन करायचा, कोणता कागद न्यायचा हे सुनेकडून लिहून घ्या. निम्मं ओझं वहीत राहतं.

झोपेसाठी रात्री अंथरुणावर नियम जरा सैल. तिथं श्वास थोडा चालवला तरी हरकत नाही. आत घेताना काळीज किंचित भरभर चालतं, सोडताना किंचित सावकाश. म्हणून सोडणं थोडं लांबवलं, दिवा फुंकल्यागत नव्हे तर गरम चहावर हळू फुंकर घालावी तसं, की अंग सैल पडतं. आठ-दहा वेळा पुरे, मग द्या सोडून. आणि झोप आली का, झोप आली का म्हणून तपासत बसू नका. महिनाभरात फरक पडला नाही तर तेही डॉक्टरांना सांगा.

गोठ्यात बसायचं विचारलंय. बसा की. टीव्हीपेक्षा म्हशीचा रवंथ केव्हाही बरा, आणि पोट-नाक दोन्ही नको वाटलं त्या दिवशी तोच खुंटा धरता येईल. फक्त धारेच्या आधी बसू नका, तुमची चाहूल लागली की म्हैस आंबोणासाठी ओरडणार. धार झाल्यावर रेडकू पोटभर पिऊन पडलेलं असतं, तेव्हा बसा. बादली मात्र आधी घरात नेऊन झाकून ठेवा. तुम्ही डोळे मिटलेत म्हणून मांजर काही डोळे मिटणार नाही.